ताल राहिला, बोल गेले

आपल्या किनाऱ्यावरून एकेकाळी तूप आफ्रिकेला जात असे. तूप, गहू, तांदूळ, तिळाचं तेल, सुती कापड आणि उसाची साखर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषिक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये एडनच्या आखाताच्या आफ्रिकी काठावरचे बाजार येतात, आणि गुजरात ते उत्तर कोकण या पट्ट्यातून तिथे काय काय उतरतं हे तो एकेक जिन्नस सांगत नोंदवतो. त्याच पुस्तकात पुढे कल्याणचं नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा, आधी व्यापारी असलेला एक ख्रिस्ती साधू कल्याणबद्दल लिहितो. अबिसीनियाच्या अदुलिस बंदरातला शिलालेखही त्यानेच उतरवून घेतला होता. एकाच माणसाच्या वहीत अदुलिस आणि कल्याण शेजारी शेजारी नांदत होते.

आज दुर्गाडीच्या पायथ्याशी उभं राहिलं तर यातलं काही दिसत नाही. उल्हास नदीचं गढूळ, मंद पाणी, काठाला तिवरं, कोनकडे जाणाऱ्या पुलावर गाड्यांची रांग, पलीकडे भिवंडीच्या गोदामांची पत्र्याची छपरं. पण ठाण्याच्या, डोंबिवलीच्या, कल्याणच्या खाडीत भरतीला चढणारं पाणी अरबी समुद्राचंच आहे, आणि त्या समुद्राचा, त्याला लागून असलेल्या हिंदी महासागराचा दुसरा काठ म्हणजे सोमालिया, केनिया, टांझानिया, मोझांबिक. हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून गलबतं तिकडे जायची, पावसाळ्याच्या तोंडावर नैर्ऋत्येचा वारा त्यांना परत आणायचा. परतीच्या गलबतांत हस्तिदंत असायचा, सोनं असायचं, आणि पुढेपुढे माणसं असायची. हस्तिदंत मोजून घेतला जायचा, माणसंही मोजून घेतली जायची.

मला त्या माणसांबद्दल लिहायचं आहे. त्यांना आपण हबशी म्हटलं, सिद्दी म्हटलं, आणि बऱ्याचदा काहीच म्हटलं नाही.

त्यांच्यातलं एक नाव आपल्याला ठाऊक असतं. १५४८च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. चापू हे त्याचं मूळ नाव असावं, असं मानतात. तो विकला गेला, पुन्हा विकला गेला, बगदादपर्यंत गेला, वाटेत कुठेतरी अंबर झाला, आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखान नावाच्या वजिराने त्याला विकत घेतलं. तो वजीरही हबशीच होता. पुढचं आपण शाळेत शिकतो. मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने मोगलांना दख्खनच्या वेशीवर झुंजवत ठेवलं, १६१० मध्ये खडकी वसवली, डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणलं. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्राच्या महसुलाच्या इतिहासातून वगळताच येत नाही. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. कल्याण प्रांतही तेव्हा निजामशाहीतच होता. अंबर १६२६ मध्ये गेला आणि दहा वर्षांनी ते राज्यही संपलं. त्या राज्याचा शेवटचा आसरा ठरलेला माहुली किल्ला आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. कसाऱ्याच्या गाडीने आसनगावच्या आसपास आलं की त्याचे सुळके दिसतात. १६३६ मध्ये शहाजीराजांनी तिथूनच निजामशाहीचा शेवटचा वारस मोगलांच्या हवाली केला.

एवढं मोठं आयुष्य, आणि त्याचं एवढं सगळं लिहून ठेवलेलं. पण चापूला आई कोणत्या शब्दांत हाक मारायची, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. खुलताबादला त्याची कबर आहे, घुमट आहे, सावली आहे. तिथे गेल्यावर माझ्या मनात लढाया येत नाहीत. मला त्या मुलाच्या तोंडची पहिली भाषा आठवावीशी वाटते, आणि ती कुठेच नाही.

मराठी घरात सिद्दी हा शब्द कानावर पडतो तो जंजिऱ्याच्या गोष्टीतून. मुरूडच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलं की नावाडी किल्ला अजिंक्य कसा राहिला ते सांगू लागतो. तोफा, चोरदरवाजे, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर घालून रस्ता बांधायला घेतला होता ती हकीगत. सिद्दी म्हणजे शत्रू, एवढं आपल्या मनात पक्कं बसतं. शिवरायांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला सुरुवात केली, त्यामागे जंजिऱ्याचा सिद्दीच होता, हेही खरं. पण १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा तो वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेल्यांत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा सिद्दी वाहवाह होते. स्वराज्याच्या बाजूने तो पोरगा घायाळ झाला. वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडायला गेलेली बापलेकांची जोडीही सिद्दी. आपल्या मुलांना जौहर ठाऊक असतो. वाहवाह ठाऊक नसतो. मला याचं वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं मी लपवत नाही.

जंजिऱ्याच्या सिद्दींनी राज्य केलं ते थेट १९४८ पर्यंत. त्यांच्याकडे सत्ता होती, दप्तर होतं, वंशावळ होती. राज्य करणाऱ्यांचा इतिहास कसाही लिहिला गेला तरी लिहिला जातो. पण त्यांच्या मागे हजारोंनी जे आले त्यांचं काय? पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्याला, दमणला, वसईला गुलाम आणले. ठाणं त्या वेळी पोर्तुगीजांचं होतं आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेईपर्यंत त्यांचंच राहिलं. त्या घरांत पाणी भरणारी, पालख्या उचलणारी, तान्ही मुलं सांभाळणारी माणसं कोण होती, त्यांची लग्नं कुणाशी लागली, नातवंडं कुठल्या नावाने वाढली, हे धाग्याधाग्याने उसवून पाहायला आता काही उरलेलं नाही. पुष्कळ जण पळाले. गोव्यातून सह्याद्रीच्या रानात शिरले आणि यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलांत त्यांनी वस्त्या केल्या. बाकीचे आपल्यात मिसळून गेले असतील. कुणाच्या कुरळ्या केसांत, कुणाच्या रुंद खांद्यांत ते आज लोकलने प्रवास करत असतील.

एकोणिसाव्या शतकात हाच समुद्र उलट्या दिशेनेही वाहू लागला. इंग्रजांची जहाजं गुलामांची गलबतं अडवू लागली आणि सुटका झालेली माणसं, त्यात कितीतरी मुलं, मुंबईच्या धक्क्यावर उतरवली जाऊ लागली. कुणी बोटींच्या भट्ट्यांवर कोळसा ओढायला लागले. पुढची कित्येक दशकं आगबोटींच्या पोटातली ती आग पेटती ठेवणाऱ्यांत सिद्दी खलाशी असत. मुलांपैकी काहींना मिशनऱ्यांनी घेतलं. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने नाशिकजवळ १८५४ मध्ये शरणपूर नावाची वस्ती वसवली होती. आज नाशिकच्या भर वस्तीतला शरणपूर रोड त्याच नावाने ओळखला जातो. तिथे या आफ्रिकी मुलांना वाचायला, लिहायला, सुतारकी, लोहारकी, गवंडीकाम शिकवलं गेलं.

मुंबईहून नाशिकची वाट आपल्या दारावरून जाते. आधी आग्रा रोड ठाण्यावरून. मग १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत, आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून वर इगतपुरीला गेली. त्यानंतर शरणपूरला नेलेल्या मुलांनी हीच स्टेशनं पाहिली असणार. याओ, मकुआ अशा जमातींची मुलं, एकमेकांची भाषा न कळणारी, कल्याणला गाडी पाणी घ्यायला थांबली असेल तेव्हा बाहेर बघत बसलेली. आईबापांपासून तोडलेली, नावं बदललेली. त्यांच्यातल्या एकाचं नवं नाव जेकब वेनराइट. हा याओ मुलगा शरणपूरला शिकला, मोठा होऊन आफ्रिकेत परत गेला आणि १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मुक्कामी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, त्याच्या सोबत्यांत होता. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, तेव्हा प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग त्या साऱ्यांनी ते शव मैलोगणती रानावनातून समुद्रापर्यंत वाहून नेलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो नाशिकचा विद्यार्थी होता.

शव एवढ्या दूर नेण्याचं धैर्य त्या माणसांत कुठून आलं, याची उत्तरं इंग्रजी पुस्तकांत निष्ठा या एका शब्दात देतात. मला ते पुरत नाही. ज्यांना लहानपणी स्वतःच्या मेलेल्या माणसांना नीट मूठमाती देता आली नाही, गाव जळताना मागे वळून पाहता आलं नाही, त्यांनी एका मेलेल्या माणसाला त्याच्या माणसांकडे पोचवलं. यात निष्ठेपेक्षा खोल काहीतरी आहे असं मला मनापासून वाटतं.

१८७४च्या अखेरीस प्राइस आफ्रिकेत गेला आणि मोंबासाजवळ फ्रेअरटाउन उभं राहिलं. एकेकाळी मुंबईचे गव्हर्नर असलेले बार्टल फ्रेअर यांच्या नावाने. शरणपूरची पुष्कळ मंडळी तिकडे गेली. विल्यम जोन्स, इस्माएल सेमलर, जॉर्ज डेव्हिड ही त्यांतली आघाडीची नावं. तिथले लोक त्यांना बॉम्बे आफ्रिकन म्हणू लागले. ज्या किनाऱ्यावरून त्यांना उचलून नेलं होतं त्याच किनाऱ्यावर ते मुंबईचे ठरले. त्यांचे कपडे वेगळे, जेवणखाण वेगळं, धर्म वेगळा. गावी परतूनही गाव परत मिळालं नाही. परंपरा तुटते म्हणजे काय, हे मला फ्रेअरटाउनच्या त्या पहिल्या पिढीकडे पाहून जेवढं कळतं तेवढं कुठल्या ग्रंथाने कळलं नाही.

आणि गंमत नव्हे, खंत आहे ती अशी, की त्या खंडातून आलेलं धान्य आपण किती सहज आपलं केलं. ज्वारी आफ्रिकेची. बाजरी पश्चिम आफ्रिकेच्या सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरमाथ्यांवरची. चवळी तिकडची, कलिंगड तिकडचं, ज्या चिंचेच्या झाडाखाली आपल्या गावाचा पार असतो ती चिंचही मूळची तिकडची. चारेक हजार वर्षांपूर्वी ज्वारी-बाजरी भारतात पोचली आणि तिला कुणी तू कुठली असं विचारलं नाही. मुरबाड-शहापूरच्या ठाकरवाड्यांत नाचणीची भाकरी थापताना, घाटावर हुरडा भाजताना, संक्रांतीच्या भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी करताना आपण म्हणतो, ही आपल्या मातीतली चव. धान्याने स्वतःचं नाव बदललं, आपल्याला पोसलं आणि देवघरापर्यंत पोचलं. माणसांनीही तेच केलं होतं. त्यांच्यासाठी मात्र घराचा उंबरठा उंचच राहिला.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या झगडिया तालुक्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. सिद्दींचे हे पीर. त्यांचे भाऊ बावा हबश, बहीण माई मिसरा. टेकडीच्या आसपास अकीक सापडतो. तो दगड मडक्यात भाजला की लाल होतो, खंभातचे कारागीर त्याचे मणी करतात, आणि हे मणी शतकानुशतकं समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात होते. माणसं इकडे येत होती, मणी तिकडे जात होते. मूल होत नाही म्हणून हिंदू बायकाही माई मिसरेपाशी नवस बोलतात. उरुसात धमाल होते. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा मोठा ढोल घुमतो, गळ्यात अडकवलेले छोटे ढोल त्याला उत्तर देतात, नाचणारा नारळ उंच उडवतो आणि तो खाली येताना डोक्याने फोडतो.

या साऱ्यांत मला मलुंगा जवळचा वाटतो. वाद्य अगदी साधं. धनुष्यासारखी वाकवलेली लांब काठी, एक तार, आणि काठीला बांधलेला पोकळ भोपळा. वाजवणारा भोपळ्याचं तोंड पोटाशी धरतो, बारीक काडीने तारेवर ठोका देतो आणि त्याच हातात बियांचा खुळखुळा वाजत राहतो. भोपळा पोटावर दाबला की सूर बंद, खोल. किंचित दूर केला की उघडा. म्हणजे वाजवणाऱ्याचं शरीरच त्या वाद्याचा अर्धा भाग असतं. अटलांटिकच्या पलीकडे ब्राझीलमध्ये आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वंशजांकडे बेरिंबाव आहे, तो याचा सख्खा भाऊ. दोघांच्या पूर्वजांना गलबतावर चढवलं तेव्हा अंगावर काही ठेवू दिलं नव्हतं. पण काठी, तार आणि भोपळा जगात कुठेही मिळतो. हात मात्र तेच लागतात.

धमालीच्या गाण्यांत आता गुजराती आहे, हिंदुस्तानी आहे, अल्लाचं आणि पिरांचं नाव आहे. मध्येच काही शब्द स्वाहिलीचे येतात. गाणाऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नाही. आजोबा म्हणायचे म्हणून ते म्हणतात. ताल राहिला, बोल गेले.

हे समजायला मला रतनपूरला जावं लागत नाही. डोंबिवलीत राहून मी ते माझ्या डोळ्यांदेखत पाहते आहे. सागाव, नांदिवली, भोपर, आजदे ही आमच्या आजूबाजूची आगरी गावं. त्यांच्या लग्नांत धवलारीण असायची. हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गायची, आणि ती गायल्याशिवाय तो विधी पुरा व्हायचा नाही. शेतं गेली, तिथे सात-सात मजले चढले. हळदीला आता डीजे असतो, रस्ताभर दिवे असतात, आणि त्या गलक्यात एखादी म्हातारी मांडवाच्या कोपऱ्यात बसून दोन ओळी पुटपुटते. माझ्या शेजारच्या आगरी घरातल्या लग्नात मी तिच्या बाजूला बसले होते. ‘मावशी, पुढचं म्हणा ना,’ म्हटलं. ती म्हणाली, ‘पुढचा आयस म्हनायची. माना येत नाय.’ आई गेली आणि तिच्याबरोबर पुढचं कडवं गेलं. या बाईला तर कुणी समुद्रापार विकलेलं नव्हतं. ती आपल्याच गावात, आपल्याच भाषेत, आपल्याच मांडवात बसली होती. मग ज्यांचं सगळंच हिरावलं त्यांनी एवढा ताल तरी कसा जपला असेल, हा विचार त्या डीजेच्या दणदणाटात माझ्या मनातून जाईना.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. बेळगावच्या खाली, जंगलाला लागून. तिथे सिद्दींच्या वाड्या आहेत आणि लहानपणापासून मी त्यांना पाहत आले, पण पाहणं वेगळं आणि जाऊन ओसरीवर बसणं वेगळं. अलीकडे गेले तेव्हा एका सिद्दी आजींकडे बसले. त्या कवंद शिवत होत्या. आपण जिला गोधडी, वाकळ म्हणतो तिची ही सिद्दी बहीण. खाली जुन्या लुगड्याचा तळ पसरलेला, त्यावर तुकडे. शाळेच्या गणवेशाचा निळा, कुणाच्या गाऊनचा फुलाफुलांचा, एक झगझगीत जरीची पट्टी. बाई एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात आणि कडेकडेने शिवत, फेर धरत मध्यापर्यंत येतात. धावदोरा इतका दाट की बोट फिरवलं तर शेतातल्या सऱ्यांवरून फिरल्यासारखं वाटतं. आखणी नाही, खडूची रेघ नाही. ख्रिस्ती घरातली बाई एखादा क्रूस घालते, मुसलमान घरातली चंद्रकोर. हल्याळ-खानापूरकडे सिद्दी ख्रिस्तीही आहेत, मुसलमानही, यल्लापूरकडे हिंदू. बोली बहुतेकांची कोकणी.

कवंदाच्या चारही कोपऱ्यांना आजी कापडाच्या तिकोनी घड्या एकावर एक बसवून फुलं लावत होत्या. चिमटीत न मावणारी जाड घडी, सुई आरपार जाताना त्यांचा अंगठा पांढरा पडत होता. मी म्हटलं, ‘आजी, एवढं झालंच आहे की. फुलं नाही लावली तर चालणार नाही का?’ त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘असं कसं चालंल, बाई? फुलं नाहीत तर नागडं की हो ते.’

ऊब तर फुलांशिवायही येते. थंडी फुलांनी कमी होत नाही. तरी ते उघडं पोर बाहेर पाठवल्यासारखं त्यांना वाटतं. अभ्यासक म्हणतात, या शिवणीत आफ्रिकी तुकडेकामाची आठवण आहे. असेलही. मला तिथे बसून एवढंच कळलं, की त्या फुलाशी कुठलीही तडजोड त्या बाईला मान्य नव्हती, आणि बाकी सगळं बदललं होतं. दोरा आता मिलचा, कापड टेरिकॉटचं, शहरातल्या दुकानांत विकायची कवंदं ठरावीक मापाची आणि ठरावीक रंगांची. आजी म्हणाल्या, विकायच्या कवंदाला रंग दुकानवाला सांगतो. घरात बाळ येणार असेल तर रंग त्या सांगतात. मग सगळ्यांत भडक तुकडे बाहेर निघतात.

सिद्दी बदलले नाहीत, असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे. गीरच्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती गावच्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं केल्याबद्दल. शांताराम सिद्दी २०२० मध्ये कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले, त्या समाजातले पहिले आमदार. १९८७ मध्ये सरकारने सिद्दी मुलांना धावपटू करायची योजना काढली होती. अंगात आफ्रिकेचं रक्त आहे म्हणजे ही मुलं पदकं आणतीलच, असा सरळ हिशेब होता. मुलं गावातून उचलून प्रशिक्षण केंद्रांत आणली, काहींनी खरंच पदकं मिळवली, आणि काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली. मुलं परत रानात गेली. बाहेरच्यांनी येऊन शरीर पाहून निवड करायची आणि मन भरलं की सोडून द्यायचं. माझा यावर राग आहे. सरकार आपलं होतं, हेतू चांगला होता, तरीही.

कल्याणच्या एका खासगी रुग्णालयात हल्याळकडची एक सिद्दी मुलगी नर्स आहे. माझी तिची ओळख लेडीज डब्यातली. सकाळी ठाकुर्लीपाशी गाडी अडली की बोलायला वेळ मिळतो. तिला रोज कुणीतरी विचारतं, ‘कौनसा कंट्री?’ ती मराठीत सांगते, ‘हल्याळ. बेळगावच्या पुढे.’ समोरची बाई चपापते, मग हसते, मग मराठी कुठे शिकलीस म्हणून विचारते. हिची आई दांडेलीला मराठी शेजारात वाढली, म्हणून. एकदा ती मला म्हणाली, ‘ताई, मला आफ्रिकेचं विचारतात सगळे. मी कधी गेलेच नाही. मला दमामाचं विचारा, मी सांगेन.’

दमाम म्हणजे त्यांचा ढोल, आणि त्यावरचा नाच. तिचा मोठा भाऊ वाजवतो. पूर्वी कातडं घरीच ताणायचे, आता तयार आणतात, कधी प्लॅस्टिकचं. सणाला, लग्नाला, बारशाला गल्ली जमायची आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा उठून नाचायच्या. आता पोरं गोव्याला हॉटेलांत आहेत, बेळगावला बांधकामावर आहेत. नाचायला माणसं पुरत नाहीत. बाहेर कार्यक्रमाला बोलावतात तेव्हा आयोजक पानांचे घागरे घालायला देतात, तोंडावर पांढरे पट्टे ओढतात. प्रेक्षकांना आफ्रिका दिसली पाहिजे म्हणून. ‘आमच्या आज्ज्यांनी कधी पानं नेसली नाहीत, ताई. लुगडी नेसायच्या,’ ती म्हणाली आणि गप्प झाली. गाडी सुटली तशी पुढे बोलायला लागली. भावाने एका वर्षी घागरा घालायला नकार दिला. त्या वर्षीचं बोलावणं रद्द झालं, पैसेही गेले. पुढच्या वर्षी दुसरीकडून विचारणा आली तेव्हा त्याने आधीच सांगितलं, आम्ही शर्ट-लुंगीवर येणार, आणि बायका लुगड्यावर. ते कबूल झाले.

आता तो रविवारी ओसरीवर दमाम घेऊन बसतो. शिकायला दोन मुलं येतात. त्यांतली एक मुलगी आहे, आणि ठेका तिचा जास्त पक्का आहे, असं भाऊ म्हणतो.